‘ॲडमिन’ म्हणजे नेमकं कोण?

(रौप्यमहोत्सवानिमित्त सोसायटीच्या आवारात झालेल्या सदस्यांच्या भाषणांपैकी एक. स्मरणिकेसाठी वक्त्यांनी स्वतःच लिहून दिलं आहे.)



सचिवांनी मला सांगितलं, ‘तुमच्या कामाबद्दल वीस मिनिटं बोला, पण सगळ्यांना कळेल असं बोला.’ आता माझं काम म्हणजे नेटवर्कची यंत्रं बसवणं आणि सांभाळणं. घरी कोणाला हे सांगितलं की लगेच, ‘मग आमचं वायफाय स्लो का चालतं ते बघा ना,’ असं उत्तर येतं. म्हणून आज वायफायबद्दल नाही, एका वेगळ्या गोष्टीबद्दल बोलणार आहे. यंत्रात शिरायची परवानगी कोणाला, ती कोण देतो, आणि कोण कधी शिरला याची नोंद कुठे राहते? कामाच्या भाषेत याला ऑथेंटिकेशन सर्व्हर बसवणं म्हणतात. नाव जड आहे, पण गोष्ट आपल्या गेटवरच्या वहीइतकीच साधी आहे.

आधी एक फरक सांगतो. इंटरनेट वापरणं वेगळं आणि इंटरनेट ज्या डब्यातून येतं तो डबा बदलणं वेगळं. आपल्या घरातला नळ कोणीही सोडतो. पण गच्चीवरच्या टाकीचा व्हॉल्व्ह? तो फिरवणारा माणूस ठरलेला असतो, कारण त्याच्या एका हाताने अख्ख्या विंगचं पाणी बंद होतं. राउटर आणि स्विच ही यंत्रं म्हणजे असे व्हॉल्व्ह आहेत. भातसा, तानसा, वैतरणा यांचं पाणी मुंबईला पाठवणाऱ्या आणि उन्हाळ्यात स्वतःच्या पाड्यांवर टँकरची वाट बघणाऱ्या तालुक्यात आपण राहतो. व्हॉल्व्ह कोणाच्या हातात आहे याचं महत्त्व शहापूरकरांना कोणी वेगळं शिकवायला नको.

हे व्हॉल्व्ह आता आपल्या गावांत किती आले आहेत बघा. २०११ मध्ये केंद्र सरकारने ग्रामपंचायतींपर्यंत फायबर नेण्याची योजना मंजूर केली. तीच पुढे भारतनेट झाली. १ डिसेंबर २०१६ ला मुरबाड तालुक्यातलं धसई हे रोकडरहित गाव म्हणून जाहीर झालं, तेव्हा पेपरवाले, टीव्हीवाले सगळे तिकडे धावले होते. किराणावाल्याकडे कार्ड घासायचं मशीन, वडापाववाल्याकडे मशीन. पण ते मशीन चालायला मागे एक तार लागते, एक टॉवर लागतो आणि कुठेतरी भिंतीवर टांगलेला एक डबा लागतो. आज रेशन दुकानात अंगठा लावायचा असो, सात-बारा काढायचा असो की शाखेत पैसे भरायचे असोत, तो डबा बंद पडला की माणूस परत फिरतो. आणि आपल्याकडे परत फिरणं म्हणजे पुन्हा एक दिवसाची मजुरी बुडवून येणं.

आता मूळ मुद्दा. काही वर्षांपूर्वी मला एका संस्थेने बोलावलं. तिचं नाव सांगत नाही, त्याची गरजही नाही. शाखा दोन्ही तालुक्यांत पसरलेल्या: वासिंद, शहापूर, खर्डी, किन्हवली, डोळखांब, तिकडे सरळगाव, मुरबाड, टोकावडे. सगळी मिळून एकतीस यंत्रं. आणि या एकतीस यंत्रांना एकच नाव आणि एकच पासवर्ड. नाव ‘ॲडमिन’. पासवर्ड संस्थेचं नाव आणि पुढे १२३. कायम नोकरीतले, कंत्राटी, लाईन जोडून देणारे बाहेरचे, असे मिळून चौदा-पंधरा जणांना तो पाठ. काही शाखांत तर डब्यावरच कागद चिकटवलेला.

मला बोलावण्याच्या आधी तिथे एक प्रकार घडून गेला होता. एका रात्री सरळगावच्या यंत्रातली सगळी मांडणी पुसली गेली. दुसऱ्या दिवशी शाखा उघडली पण काम सुरू होईना. लोक दुपारपर्यंत रांगेत बसले आणि निघून गेले. चौकशी झाली. यंत्राची नोंद काढली, तर तिच्यात एकच ओळ: रात्री अमुक वाजता ‘ॲडमिन’ आत आला. हा ॲडमिन कोण? चौदा-पंधरापैकी कोणीही. त्यातला किन्हवलीकडचा एक मुलगा त्याच महिन्यात नोकरी सोडून दुसरीकडे जायच्या तयारीत होता. झालं, बोट त्याच्याकडे गेलं. पुरावा काहीच नव्हता. पण त्याने केलं नाही याचाही पुरावा नव्हता. त्याचा शेवटचा पगार अडकला, अनुभवाचा दाखला मिळाला नाही, आणि तालुक्याच्या ठिकाणी एकदा नावाला डाग लागला की तो पुढच्या नोकरीपर्यंत बरोबर येतो, हे मी तुम्हाला सांगायला नको.

मी ती नोंद नंतर पाहिली. तिच्यातून कोणालाही काहीही सिद्ध करता आलं नसतं. पासवर्डचा विषय निघाला की सगळे चोराबद्दल बोलतात. चोर आत येईल, हॅकर येईल. मला त्या दिवसापासून वाटतं की याची जास्त गरज प्रामाणिक माणसाला आहे. सगळे एकाच नावाने आत जात असतील, तर खरा दोषी सापडत नाही आणि निर्दोष माणूस सुटत नाही.

यावर उपाय जुना आहे. १५ ऑगस्ट १९९५ ला व्हीएसएनएलने सामान्य माणसासाठी इंटरनेट सुरू केलं, तेव्हा फोनच्या तारेवरून तो कर्कश आवाज करत जोडणी व्हायची, आठवतंय ना? फोनवरून येणारा हा ग्राहक आपलाच का, हे कंपनीने ओळखायचं कसं? त्यासाठी अमेरिकेत १९९१ च्या सुमारास लिव्हिंगस्टन नावाच्या कंपनीने ‘रेडियस’ नावाची पद्धत तयार केली. फोन उचलणाऱ्या प्रत्येक यंत्रात सगळ्या ग्राहकांची यादी ठेवायची नाही. यादी एका ठिकाणी ठेवायची आणि यंत्रांनी तिथे विचारायचं. आज चालतो तो तिचा मूळ मसुदा जून २००० चा आहे, म्हणजे आपल्या सोसायटीच्याच वयाचा. तिचीच एक चुलत बहीण आहे, ‘टॅकॅक्स प्लस’. ती सिस्को कंपनीने १९९३ मध्ये आणली, खास यंत्रांची देखभाल करणाऱ्यांसाठी.

दोघींचं काम तीन प्रश्नांत मावतं. पहिला, तू कोण? दुसरा, तुला काय करायची परवानगी आहे? तिसरा, तू काय केलंस? ओळख, परवानगी, नोंद. आपला वॉचमनदादा हेच करतो. नाव विचारतो, कोणत्या फ्लॅटला जायचं ते विचारून इंटरकॉम लावतो, आणि वहीत वेळ लिहितो. फरक इतकाच की आपल्याकडे एक गेट आहे आणि त्या संस्थेकडे एकतीस गेटं होती. प्रत्येक गेटवर वेगळी यादी ठेवायची, की सगळ्या गेटांनी एकाच ऑफिसात इंटरकॉम लावायचा? आम्ही इंटरकॉम लावला. यंत्रांच्या देखभालीसाठी टॅकॅक्स निवडलं, कारण रेडियस आत घेतानाच काय ती परवानगी सांगून मोकळं होतं, टॅकॅक्स मात्र माणसाने आत टाइप केलेली प्रत्येक आज्ञा तपासू शकतं. शाखांतल्या वायफायसाठी रेडियस ठेवलं.

प्रत्यक्ष काम कसं केलं ते थोडक्यात सांगतो, कारण इथे बसलेल्या दोन-तीन मुलांना पुढे हेच करायचं आहे.

आधी माणसांची यादी केली. यंत्राला हात लावायच्या आधी आठ दिवस फक्त यादी. कोण कोण आत जातं, कशासाठी जातं. त्यातून तीन गट पडले. नुसतं बघणारे, शाखेतली एखादी जोडणी चालू-बंद करू शकणारे, आणि सगळं बदलू शकणारे. तिसऱ्या गटात शेवटी तीनच माणसं उरली. कंत्राटी माणसाच्या नावापुढे कंत्राट संपायची तारीख लिहिली; त्या दिवशी त्याचा प्रवेश आपोआप बंद.

मग दोन सर्व्हर. फार मोठी यंत्रं नाहीत, दोन साधे कॉम्प्युटर. एक शहापूरला, एक मुरबाडला. दोन्ही शहापूरलाच का नाही ठेवले? कारण शहापूरची लाईन नाशिक हायवेने येते, मुरबाडची कल्याण-नगर रस्त्याने. एका रस्त्याच्या कामात जेसीबीने फायबर उचललं तर दुसरी जिवंत राहावी. आणि आपल्याकडे जेसीबी फायबर उचलतोच.

मग प्रत्येक यंत्र आणि सर्व्हर यांच्यात एक गुप्त शब्द ठरवला, दोघांनाच माहीत असलेला. एकतीस यंत्रांना एकतीस वेगळे शब्द. इथे एक गंमत होते. सर्व्हर यंत्राला त्याच्या पत्त्यावरून ओळखतो. यंत्राला दोन लाईनी असल्या तर ते कधी या पत्त्याने विचारतं, कधी त्या. रेडियसचा नियम असा की अनोळखी पत्त्यावरून कोणी विचारलं तर उत्तरच द्यायचं नाही. नकारसुद्धा नाही, गप्प बसायचं. मग माणूस बिचारा पासवर्ड चुकला समजून तासभर डोकं फोडत बसतो. म्हणून यंत्राने नेहमी एकाच ठरलेल्या पत्त्याने बोलावं, हे त्याला आधीच सांगून ठेवायचं.

आणि मग सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न. पावसाळ्यात टोकावड्याची लाईन गेली, दोन्ही सर्व्हर दिसेनासे झाले, तर ते यंत्र दुरुस्त करायला आत जायचं कसं? ओळख पटवणाराच पोहोचत नाही! यासाठी प्रत्येक यंत्रात एक संकटकाळचं खातं ठेवलं. त्याचा पासवर्ड प्रत्येक यंत्राला वेगळा, कागदावर लिहिलेला, पाकिटात सीलबंद, शाखेच्या तिजोरीत. पाकीट फोडलं की वहीत सही, आणि काम झाल्यावर नवा पासवर्ड, नवं पाकीट. यात एक बारकावा आहे. यंत्राला सांगायचं असतं की आधी पहिल्या सर्व्हरला विचार, तो पाच सेकंदांत बोलला नाही तर दुसऱ्याला, आणि दोघंही बोललेच नाहीत तरच स्वतःकडच्या खात्याकडे बघ. सर्व्हरने ‘नाही’ म्हटलं तर मात्र तिथेच थांबायचं. उत्तर न येणं आणि नकार येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ज्याला ऑफिसने नको म्हटलं, त्याने मागच्या दाराने येता कामा नये.

कुलूप बदलताना आणखी एक पथ्य. एक माणूस खोलीच्या आत उभा ठेवायचा आणि दुसऱ्याने बाहेरून नवी किल्ली लावून बघायची. म्हणजे आपली चालू जोडणी बंद न करता दुसरी नवी जोडणी उघडून तपासायची. शिवाय यंत्राला आधीच सांगून ठेवायचं की दहा मिनिटांत मी काही बोललो नाही तर स्वतःला बंद करून जुन्या मांडणीने पुन्हा सुरू हो. नवी मांडणी सगळं नीट चाललं की मगच कायम करायची. नाहीतर शहापुरात बसून एक ओळ चुकायची आणि ती सुधारायला गाडी काढून किन्हवली, सरळगाव करत टोकावड्यापर्यंत जायचं.

शेवटी घड्याळं. एकतीस यंत्रांची एकतीस घड्याळं वेगवेगळी वेळ दाखवत होती. एकाचं तर अजून १९९३ सालात होतं. वेळच चुकीची असेल तर नोंदीला काय अर्थ? सगळी घड्याळं एका ठिकाणाहून लावून घेतली. २८ एप्रिल २०२२ ला केंद्राच्या सर्ट-इन या यंत्रणेने काढलेल्या निर्देशांत हेच आहे: घड्याळं सरकारी वेळेशी जुळलेली हवीत आणि नोंदी १८० दिवस जपून ठेवायला हव्यात. आम्ही नोंदी यंत्रात न ठेवता लगेच सर्व्हरवर पाठवतो. म्हणजे यंत्र कोणी पुसलं तरी पुसणाऱ्याचं नाव शिल्लक राहतं.

हे सगळं झाल्यावर काय बदललं? पूर्वी एक माणूस नोकरी सोडून गेला की एकतीस ठिकाणचा पासवर्ड बदलायचा म्हणजे तीन दिवस गाडीवर फिरायचं काम. म्हणून कोणी बदलतच नसे. आता एका यादीत एका नावापुढे खूण केली की एकतीसही दारं बंद. पण मला जास्त समाधान दुसऱ्या गोष्टीचं आहे. दीडेक वर्षाने पुन्हा एका शाखेत सकाळी जोडणी बंद आढळली. आदल्या संध्याकाळी तिथे काम करणारी एक मुलगी यंत्रात शिरली होती. नवीन लागलेली, कंत्राटी. पुन्हा कुजबुज सुरू झाली. नोंद उघडली. ती सहा वाजून दहा मिनिटांनी आत गेली, दोन आज्ञा दिल्या, दोन्ही नुसत्या बघण्याच्या, आणि तीन मिनिटांत बाहेर आली. बदल करायची परवानगी तिला नव्हतीच. यंत्र बंद पडलं रात्री दोनला, वीज गेल्यावर. बॅटरी संपली होती. चहा यायच्या आत विषय संपला. ती मुलगी आजही तिथे काम करते आहे, आता दुसऱ्या गटात.

किन्हवलीकडच्या त्या मुलाला ही सोय मिळाली नाही.

आता तुम्ही म्हणाल, हे सगळं एवढं पक्कं आहे का? नाही. जुलै २०२४ मध्ये संशोधकांनी रेडियसमधली एक जुनी कमजोरी दाखवून दिली. मधल्या रस्त्यावर बसलेला माणूस सर्व्हरच्या ‘नाही’चं ‘हो’ करू शकत होता. त्यावर उपाय आले: प्रत्येक निरोपावर पडताळणीची मोहोर मागायची, आणि जमेल तिथे सगळं बोलणं बंद पाकिटासारख्या जोडणीतूनच करायचं. आपल्या इमारतीचं पंधरा ते तीस वर्षं या वयात पाच वर्षांतून एकदा स्ट्रक्चरल ऑडिट करायला उपविधी सांगतात ना? इमारत पडायला आली म्हणून नव्हे, वय झालं म्हणून. पंचवीस वर्षांच्या पद्धतीलाही तेच लागतं.

आता शेवटचा भाग, आपल्या घरचा.

आपल्या सोसायटीला असा सर्व्हर बसवायची गरज नाही. उगाच खर्च करू नका. कोणी विकायला आला तर आधी मला फोन करा. पण त्यातले तीन प्रश्न आपल्यालाही लागू आहेत. गेटवर, जिन्यात, पार्किंगमध्ये कॅमेरे आहेत. त्यांचं चित्रण ज्या डब्यात साठतं, त्याचा पासवर्ड कोणता? बसवणाऱ्याने दिलेलाच की बदललेला? ऑक्टोबर २०१६ मध्ये मिराई नावाच्या एका प्रोग्रामने जगभरातले असेच कॅमेरे आणि डबे ताब्यात घेऊन अमेरिकेतल्या मोठमोठ्या वेबसाइट बंद पाडल्या. त्याच्याकडे फार मोठी विद्या नव्हती. कारखान्यातून येणाऱ्या नाव-पासवर्डच्या साठेक जोड्यांची यादी होती. बस, ती लावून बघायची. आपल्या मुलींच्या, नातवंडांच्या येण्या-जाण्याच्या वेळा त्या डब्यात आहेत, एवढं लक्षात ठेवा.

म्हणून कमिटीकडे माझ्या चार मागण्या आहेत. अर्ज समजा.

एक, कॅमेऱ्याच्या डब्यात ‘ॲडमिन’ने कोणी रोज जाऊ नये. अध्यक्ष, सचिव यांना आपापल्या नावाचं खातं द्या. डब्यात ती सोय असते.

दोन, वॉचमनदादाला थेट चित्र दिसू दे, पण पुसायचा अधिकार नको. हा त्याच्यावरचा अविश्वास नाही. उद्या एखादं चित्रण गायब झालं, तर पहिलं बोट त्याच्याकडे जाऊ नये म्हणून.

तीन, संकटकाळचा पासवर्ड सीलबंद पाकिटात, सोसायटीच्या कपाटात. फोडला तर वहीत सही.

चार, आणि ही सगळ्यात महत्त्वाची. दर पाच वर्षांनी कमिटी बदलते तेव्हा आपण चार्ज देतो. आय नमुना, जे नमुना, सभेचं इतिवृत्त, पावतीपुस्तकं, बँकेचे सह्यांचे नमुने, सगळं मोजून देतो. त्या यादीत एक ओळ वाढवा: कॅमेरे, राउटर, सोसायटीचा ई-मेल आणि वेबवरची खाती. नवे आले की नवे पासवर्ड. जुन्या कमिटीनेच हसत म्हणावं, ‘आधी आमची नावं काढा.’ पंचवीस वर्षं एकत्र राहिलेल्या माणसांत याने कटुता येत नाही. उलट, कोणाकडे बोट दाखवायची वेळच येत नाही.

सहकार म्हणजे सगळ्यांचं सगळं, असं आपण म्हणतो आणि ते बरोबर आहे. पण पहिल्या पिढीने ही इमारत उभी केली तेव्हा प्रत्येक रुपयाच्या पावतीवर भरणाऱ्याचं नाव लिहिलं. खजिनदारांच्या कपाटात ती पावतीपुस्तकं अजून आहेत, मी परवाच पाहिली. कोणाचंही नाव ‘सदस्य’ असं नुसतं लिहिलेलं नाही.

ते कॅमेऱ्याचं काम मी येत्या रविवारी सकाळी दहाला करून देतो. सचिवांनी फक्त डब्याची किल्ली घेऊन यावं, आणि मागच्या रांगेतल्या दोघांनी मदतीला यावं.